शियाचं झाड लावत नाहीत, राखतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी घरी साबण आणि क्रीम बनवते, त्यात शिया बटर वापरते. डब्यावर 'पर्यावरणपूरक' असं छापलेलं असतं. या झाडाचे उपयोग नेमके काय? पर्यावरणाला खरंच फायदा होतो का? माझ्या भावाची यवतमाळकडे कोरडवाहू शेती आहे, तिथे ही झाडं लावता येतील का?"

ताई, तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी डहाणूकडचा. चिकूची कलमं बांधण्यात अर्धं आयुष्य गेलं आणि त्याच कामामुळे उत्तर घानात, टमाले शहराच्या आसपासच्या गावांत सहा वर्षं राहिलो. शियाची कलमं बांधायला शिकवणं हे माझं काम होतं. शिकवलं थोडं, शिकलो जास्त.

आधी झाडाची ओळख. शिया हे चिकूच्याच कुळातलं झाड. आपला मोह, बकुळ, खिरणी ही सगळी याच कुळातली भावंडं. शियाचं फळ पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला चिकूचीच आठवण झाली. बाहेरून हिरवट-पिवळं, आत गोड मऊ गर आणि मधोमध एक गुळगुळीत तपकिरी बी. त्या बीवर एका बाजूला फिकट चट्टा असतो, चिकूच्या बीवर असतो तसाच, फक्त बराच रुंद. पान तोडलं की पांढरा चीक येतो. साल मात्र चिकूसारखी नाही. जाड, बुचासारखी, चौकोनी भेगा पडलेली, मगरीच्या पाठीसारखी दिसते. या सालीमुळेच दरवर्षी माळावर गवताचे वणवे लागले तरी मोठं झाड टिकतं.

शास्त्रीय नाव व्हिटेलारिया पॅराडॉक्सा. सेनेगलपासून पूर्वेकडे युगांडा-इथिओपियापर्यंत, सहाराच्या दक्षिणेला आडवा पट्टा आहे. त्याच पट्ट्यात हे झाड येतं, बाकी जगात कुठेही नैसर्गिकरीत्या येत नाही. मालीकडच्या बांबारा भाषेत झाडाला 'सी' म्हणतात आणि लोण्याला 'सी तुलू'. त्यावरूनच पुढे 'शिया' झालं. फ्रेंच बोलणाऱ्या देशांत 'कारिते' म्हणतात.

आता एक गोष्ट सांगतो. बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. १७९६ साली मंगो पार्क नावाचा स्कॉटिश प्रवासी नायजर नदीकाठी, आजच्या मालीतल्या सेगूच्या बाजूला पोचला. त्याने नोंद करून ठेवली की लोक हे झाड लावत नाहीत, ते रानात आपोआप येतं. पण शेतासाठी जंगल साफ करताना बाकीची सगळी झाडं तोडतात आणि शिया तेवढा ठेवतात. सव्वादोनशे वर्षांनी मी तिथे गेलो तेव्हाही हेच चित्र होतं. ज्वारी, बाजरी, मका, भुईमूग यांच्या शेतात मधे मधे पन्नास-शंभर वर्षांचे शिया उभे. एकही ओळीत नाही, एकही लावलेला नाही, आणि एकही चुकून राहिलेला नाही. प्रत्येक झाड कुणीतरी नांगर वळवून, कुऱ्हाड आवरून ठेवलेलं आहे. बुर्किना फासोमध्ये किरिकोंगो नावाच्या जुन्या वस्तीच्या उत्खननात शियाच्या बियांची जळकी टरफलं सापडली आहेत, ती इसवी सन १०० च्या सुमाराची. म्हणजे ही राखण जवळजवळ दोन हजार वर्षांची आहे.

आता उपयोग. आपल्याला शिया म्हटलं की क्रीम आठवतं. तिथे तो आधी खाद्यतेलाचा विषय आहे. भाजी, कालवण, तळण सगळं त्या लोण्यात होतं. नवजात बाळाला मालिश त्याच लोण्याने, बाळंतिणीलाही तेच. भेगाळलेल्या टाचा, कोरडी कातडी, चोंदलेलं नाक यांवर तेच लावतात. साबण त्याचाच. पूर्वी दिवेही त्याच तेलाचे. लोणी काढून उरलेला काळा चोथा आणि पाणी मातीत कालवून भिंती लिंपतात. त्याने पावसात भिंत धुपत नाही आणि वाळवीही कमी लागते. चोथा वाळवून चुलीत जाळतातही.

फळाचा गर ही माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. फळं पिकतात साधारण मे ते ऑगस्टमध्ये. आधीच्या वर्षीचं धान्य संपलेलं असतं, नवं अजून शेतात असतं, आणि नांगरणी-पेरणीचं सगळ्यांत जड काम याच दिवसांत. अशा वेळी शाळेत जाणारी पोरं आणि शेतावर निघालेल्या बाया झाडाखाली वाकून चार-पाच फळं खातात आणि पुढे जातात. आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर मोहाची फुलं आदिवासी घरांना जसा आधार देतात, तसंच हे.

परदेशात जाणाऱ्या शियाचा फार मोठा भाग, साधारण नव्वद टक्के, सौंदर्यप्रसाधनांत जातच नाही. तो जातो चॉकलेट आणि बेकरीत. शियाच्या चरबीतला घट्ट भाग वेगळा काढला की तो कोकोच्या चरबीसारखा वागतो. युरोपीय संघाच्या २००० सालच्या निर्देशानुसार चॉकलेटमध्ये कोकोखेरीज सहाच वनस्पतिजन्य चरबी चालतात, त्याही पाच टक्क्यांपर्यंतच. त्या सहांत शिया आहे, पाम आहे, साल वृक्षाच्या बियांची चरबी आहे, इलिपे (बोर्नियोकडच्या एका झाडाचं बी) आहे, आंब्याच्या कोयीतली चरबी आहे आणि आपल्या कोकणातलं कोकमही आहे. कोकमाच्या बियांचं जे घट्ट तेल आपण मुठीत दाबून गोळे करून ठेवतो, ते मुठेल. तुमच्या आजीच्या फडताळातला टाचांच्या भेगांवरचा तो पिवळट-पांढरा गोळा आणि शिया बटर, दोघांचा गुण एकच: खोलीच्या तापमानाला घट्ट, अंगावर लावलं की विरघळतं.

लोणी कसं काढतात ते मी कितीतरी वेळा पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी तितकंच गुंतून पाहिलं आहे. पहाटे अंधारातच बाया फळं वेचायला निघतात. गवत उंच असतं, साप असतात, डोक्यावर घमेलं. गर काढून बिया उकळतात, उन्हात वाळवतात, फोडून आतला गर पुन्हा वाळवतात (हा बीतला गर, फळाचा नव्हे; यापुढे गर म्हणजे हाच). मग तो कुटून, भाजून, दळून त्याचा दाट तपकिरी लगदा करतात, पातळ चॉकलेटच दिसतं ते. खरी कसोटी पुढे. मोठ्या परातीत तो लगदा घेऊन एक आजी बसायच्या, बाजूला दोन भांडी, एकात कोमट पाणी, एकात गार. कोपरापर्यंत हात घालून त्या फेटायला लागायच्या. लगदा सैल वाटला तर गार पाणी, आवळला तर कोमट. ताक घुसळताना आपल्या बाया जशा पाण्याचा अंदाज घेतात तसाच. अर्धा तास काहीच घडत नाही. हात भरून येतो, शेजारची बाई येऊन बसते, पहिली उठते. आणि मग अचानक रंग बदलतो. तपकिरीचा राखाडी, राखाडीचा मळकट पांढरा, आणि वर फेसासारखं लोणी तरंगायला लागतं. आजी हात वर करून दाखवायच्या आणि अंगणातल्या सगळ्या हसायच्या. ते लोणी दोन-तीन पाण्यांनी धुतात आणि कढवतात, आपण तूप कढवतो तसंच. तडतड थांबली, खाली बेरी बसली की वरचं सोनेरी तेल गाळून घेतात. तीन-चार किलो सुक्या गरापासून हाती एक किलो लोणी येतं. तुमच्या शंभर ग्रॅमच्या डबीमागे इतकं काम आहे.

आता पर्यावरण. डब्यावरचा शब्द मोघम असतो, म्हणून एकेक गोष्ट वेगळी करून सांगतो.

सगळ्यांत मोठा फायदा पाण्याचा आहे आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. बुर्किना फासोत वागाडुगूच्या दक्षिणेला सापोने नावाचा भाग आहे, तिथे शियाच्या शेतांत भूजलावर बारकाईने अभ्यास झाला. झाडं पाणी पितात, म्हणून झाडं जास्त तर भूजल कमी, असं बरेच दिवस मानलं जाई. तिथे दिसलं ते वेगळं. अगदी उघड्या शेतात मातीवर कवच धरतं, पाऊस वरून वाहून जातो किंवा वाफ होऊन उडतो. झाडी फार दाट असेल तर झाडंच पाणी पिऊन टाकतात. पण मध्यम अंतरावर विखुरलेली झाडं असतील तर मुळांच्या आणि किड्यामुंग्यांच्या वाटांनी पाणी खोल उतरतं आणि भूजलाचं पुनर्भरण सर्वाधिक होतं. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं विखुरलेलं शेत हेच ते मध्यम अंतर. शिवाय शियाच्या मुळांत आणखी एक गुण मोजला गेला आहे: खोल मुळं रात्री ओल वर खेचतात आणि त्यातली थोडी वरच्या कोरड्या मातीत सोडतात.

मातीचं म्हणाल तर झाडाखालच्या मातीत सेंद्रिय कर्ब उघड्या जागेपेक्षा जास्त असतो. पानगळ, पाखरांची विष्ठा, सावलीला बसणारी गुरं, सगळ्यांची भर पडते. इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगायलाच हवी. दाट पानोऱ्याखाली बाजरी-ज्वारीचं पीक बारीक राहतं, कारण ऊन मिळत नाही. झाडाची छाटणी केली तर तेच पीक सुधारतं, पण मग दोन-तीन वर्षं फळ कमी. तिथले शेतकरी हा हिशेब दर झाडापाशी उभे राहून करतात. झाडाखाली मिरची-भेंडीसारखं सावली सोसणारं काही लावणं हा त्यांचाच तोडगा.

कार्बनचा आकडाही सांगतो, कारण विक्रेते तोच पुढे करतात. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि ग्लोबल शिया अलायन्स ही शिया व्यवसायातली संघटना यांनी २०२० मध्ये हिशेब मांडला: शियाचा एक टन गर तयार होताना जेवढा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो त्यापेक्षा सुमारे १.०४ टन जास्त साठवला जातो. आकडा चांगला आहे. पण तो झाडं उभी आहेत तोवरच खरा. आणि त्यातली खोट चुलीत आहे. पारंपरिक पद्धतीत एक किलो लोण्यामागे आठ-दहा किलो लाकूड जळतं. बिया उकळायला, गर भाजायला, लोणी कढवायला, तीन वेळा चूल पेटते. ते सरपण येतं आसपासच्याच झाडांतून. सुधारित चुली आणि चोथ्याचं जळण यांनी हे बरंच कमी होतं, आणि माझ्या मते शियाच्या नावाने खर्च होणाऱ्या पैशातला मोठा वाटा इथे जायला हवा.

जैवविविधतेत दोन गोष्टी जवळून पाहिल्या. एक म्हणजे मधमाशी. शियाला फुलोरा येतो कोरड्या दिवसांत, डिसेंबर ते मार्च, जेव्हा माळावर दुसरं फारसं काही फुललेलं नसतं. सकाळी झाडाखाली उभं राहिलं तर वरून एकसारखी गुणगुण ऐकू येते. फुलोऱ्याला जाळी बांधून माश्या अडवल्या तर फळं धरणं एकदम घटतं. म्हणजे शेतात इतर झाडंझुडपं हवीत, बांधावरचा चिलार-झाडोरा हवा, तरच माश्या आणि तरच शिया. दुसरी गोष्ट सुरवंटाची. बुर्किनाच्या पश्चिमेला बोबो-जुलासोकडे पावसाळ्यात एक सुरवंट येतो, तो शियाचीच पानं खातो. झाड पार उघडं करतो. नवख्या माणसाला वाटावं फवारणी करावी. तिथले लोक पहाटे ते सुरवंट वेचतात, उकळून-वाळवून खातात आणि बाजारात विकतात. उत्तम प्रथिनं. सुरवंटांची लेंडी पिकाला खत होते आणि झाडाला पुन्हा पालवी फुटते. एका झाडावर एका कुटुंबाच्या तीन कमाया: तेल, फळ, सुरवंट.

मग धोका कशाचा? या झाडाची नोंद धोक्यातल्या जीवजातींच्या जागतिक लाल यादीत 'असुरक्षित' म्हणून आहे. कोळशासाठी तोड होते, हे खरंच. पण मला त्यापेक्षा मोठी काळजी न दिसणाऱ्या गोष्टीची वाटते. पूर्वी शेत काही वर्षं पिकवून दहा-पंधरा वर्षं पडीक टाकत. त्या पडीकात शियाची रोपं उगवत, मोठी होत. आता जमीन कमी पडते, पडीक राहत नाही, आणि ट्रॅक्टरच्या नांगराला दोन पानांचं रोप दिसत नाही. बैलजोडीच्या मागे चालणारा माणूस थांबून वळसा घालायचा. परिणाम असा की शेतात सगळी म्हातारी झाडं आणि मधल्या वयाचं एकही नाही. वर बांडगुळाचा त्रास. आंब्यावर येतं तसंच बांडगूळ शियावर माजतं, आणि त्याची मुळं शिरलेली फांदी कापल्याशिवाय जात नाही. आणि झाडं ज्यांच्या उपयोगाची, त्या सुमारे एक कोटी साठ लाख बायकांच्या नावावर जमीन नाही. झाड ठेवायचं की तोडायचं, काजू लावायचा की कोळसा विकायचा, हे ठरवतो जमिनीचा मालक. बाईला फळं वेचायची मुभा असते, झाड राखायचा हक्क नसतो.

आता 'लावता येईल का'. यवतमाळचं हवामान शियाला परकं नाही, पाऊस आणि कोरडे महिने साधारण जुळतात. पण मी सांगेन, नको. बियांपासून वाढवलेलं झाड पहिलं फळ द्यायला पंधरा-वीस वर्षं घेतं, भरपूर द्यायला तीस-चाळीस. बी ताजं असेल तरच रुजतं, काही आठवड्यांत त्याचा जीव जातो. परदेशातून झाडाचं बी-रोप आणायला २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाखाली परवाना लागतो, कुणी ऑनलाइन बी विकत असेल तर ते बेकायदेशीरही असेल आणि मेलेलंही.

रुजण्याची तऱ्हाही वेगळी आहे, ती सांगायचा मोह आवरत नाही. पहिल्या वर्षी मी पिशव्यांत बिया पेरल्या आणि वर काही येईना. खोडावर विश्वास ठेवणारा माणूस मी, पाच-सहा पिशव्या वैतागून फोडल्या. आत पाहतो तर बीतून निघालेला कोंब मुळासारखा सरळ खाली गेलेला, आणि खऱ्या खोडाचा डोळा त्या खाली गेलेल्या भागावर, मातीत कित्येक बोटं खोल. तिथून तो परत वर यायचा. म्हणजे रोप आधी जमिनीत लपतं, मग वर येतं. वणव्याच्या मुलखात जन्मलेल्या झाडाची ही सोय. आमच्या चिकूच्या नर्सरीतल्या छोट्या पिशव्या तिथे कामाच्याच नव्हत्या. उंच पिशव्या घेतल्या तेव्हा रोपं जगली.

कलमाने वेळ वाचतो. चांगल्या झाडाची काडी बांधली तर चार-पाच वर्षांत फळ दिसू शकतं. घानात बोले इथे कोको संशोधन संस्थेचं केंद्र आहे, तिथे यावर बरीच वर्षं काम चालू आहे. अडचण चिकाची. काडी कापली की चीक सुटतो आणि जोडावर साका धरतो. आम्ही चिकूला खिरणीचा खुंट वापरतो तेव्हा हीच कटकट असते. काडीची पानं आठवडाभर आधी काढून डोळे फुगू द्यायचे, कापल्यावर चीक निथळू द्यायचा, ओल्या फडक्याने पुसून मगच बांधायचं. पहिल्या हंगामात माझी बहुतेक कलमं गेली. तिसऱ्या हंगामात गावातल्या दोन मुली माझ्यापेक्षा चांगली बांधत होत्या.

तुमच्या साबणासाठी थोडं. अशुद्ध म्हणजे न शुद्ध केलेलं बटर फिकट पिवळसर असतं आणि त्याला धुराचा, भाजल्या दाण्याचा वास येतो. अगदी पांढरं आणि बिनवासाचं असेल तर ते कारखान्यात शुद्ध केलेलं. दोन्ही चांगली, पण अशुद्धाचे पैसे देऊन शुद्ध घेऊ नका. उन्हाळ्यात वितळून हळूहळू थिजलं की रवाळ होतं, ते खराब नव्हे. पूर्ण वितळवून पटकन गार करा. शियात साबण न होणारा भाग इतर तेलांपेक्षा जास्त असतो, कातडीला तो बरा, पण प्रमाण वाढवलं की फेस मरतो. विक्रेत्याला एवढंच विचारा: गर विकत घेतला की लोणी? आणि कोणत्या बायकांच्या गटाकडून? लोणी तिथेच बनत असेल तर पैसा गावात राहतो. नायजेरियाने २०२५ मध्ये कच्च्या शियाची निर्यात थांबवली ती याच कारणाने.

आणि भावाला माझा निरोप द्या. त्याच्या धुऱ्यावर मोह असेल. असेलच. टोळंबी, म्हणजे मोहाची फळं, जूनमध्ये पडायला लागली की तिचंही बी शियासारखंच, पंधरा दिवस ठेवलं की मेलं. पडल्या पडल्या उंच पिशवीत किंवा सरळ धुऱ्याच्या कडेला टोचायला सांगा. जी रोपं आपोआप उगवली असतील त्यांच्याभोवती बाभळीच्या काट्या रोवायच्या, आणि ट्रॅक्टरवाला यायच्या आदल्या दिवशी प्रत्येक रोपाशेजारी एक उंच काठी उभी करून तिला लाल चिंधी बांधायची. आम्ही टमालेकडे हेच करायचो.